घुमट कोणत्या घराण्याचा, हे कोपऱ्यात उभे राहून कसे ओळखावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दिल्ली आणि आग्रा तुम्ही पाहिले आहे, मध्यंतरी इस्तंबूललाही जाऊन आलात आणि आता हिवाळ्यात गुलबर्गा, बिदर व विजापूर पाहण्याचा बेत आहे, पण सगळीकडे तेच घुमट, त्याच टोकदार कमानी आणि तेच मिनार दिसतात, तेव्हा उस्मानी (म्हणजे तुर्कस्तानच्या ऑटोमन), मुघल, बहमनी आणि आदिलशाही इमारतींतला फरक जाणकार नसलेल्या माणसाने नेमका कुठे पाहावा? जुन्या इमारतींच्या जतनाचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि माझे उत्तर एका वाक्यात सांगता येते: घुमटाखाली मधोमध उभे न राहता कोपऱ्यात जाऊन उभे राहा आणि वर पाहा. असे का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो.

तुमची अडचण अशी आहे की तुम्ही इमारतीचा बाह्य आकार पाहता, आणि बाह्य आकार फार सहज प्रवास करतो. एखाद्या दरबारात आवडलेली कमानीची रेषा, मिनाराचा डौल किंवा फुलापानांची नक्षी एका पिढीत हजार कोस दूर पोहोचते. पुढे प्रत्येक डागडुजीत ती थोडी बदलत जाते. भार जमिनीपर्यंत कसा उतरवायचा याची रीत मात्र इतक्या सहज बदलत नाही. खोलीला चार भिंती असतात, म्हणजे तिचा वरचा काठ चौकोनी असतो, आणि घुमटाचा तळ गोल असतो. चौकोनावर गोल ठेवला की चारही कोपरे उघडे राहतात. त्या चार त्रिकोणी पोकळ्यांचे काय करायचे, हा घुमट बांधणाऱ्या प्रत्येकापुढचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर उस्तादाकडून शागिर्दाकडे जात असे, आणि ज्या घराण्याने ते उस्ताद पिढ्यान्‌पिढ्या पदरी ठेवले, त्या घराण्याची ओळख त्या उत्तरात उतरली आहे.

अर्थात ही कसोटी सगळीकडे सारखी लागू पडत नाही. इमारत कोणत्या कामासाठी बांधली, तेथे दगड मिळत होता की वीट, भूकंपाचा प्रदेश आहे की नाही, बांधणाऱ्याला किती वर्षे स्वस्थता मिळाली आणि नंतर कोणी काय दुरुस्त केले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. राजवटीच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत तर घराण्याची स्वतःची रीत सापडतच नाही. दौलताबादची १३१८ ची जामा मशीद पाहा. तेथे आधीच्या मंदिरांचे खांब उचलून ओळीने उभे केलेले आहेत आणि छत पेलण्याची पद्धत खांब-तुळईची, म्हणजे येथल्याच पाथरवटांची आहे. दिल्लीत कुतुबमिनाराजवळच्या मशिदीतही हेच दिसते. तेथल्या दर्शनी भिंतीतल्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या कमानी दिसायला कमानी आहेत, परंतु आडवे थर थोडेथोडे पुढे सरकवून त्यांचा आकार साधलेला आहे. पाचरीसारखे दगड एकमेकांत अडकवून, मधोमध चावीचा दगड बसवून बांधलेली सफाईदार कमान त्याच परिसरातल्या १३११ च्या अलाई दरवाजात दिसते. या दोहोंमध्ये शंभरहून अधिक वर्षे गेली.

कोपऱ्यांकडे वळण्याआधी घुमट कसा वागतो ते थोडे समजून घ्यायला हवे. घुमटाचा वरचा भाग स्वतःच्या वजनाने दाबला जातो, आणि दगड, वीट व चुना यांना दाब सहज सोसतो. खालचा भाग मात्र बाहेरच्या बाजूला पसरू पाहतो, तेथे ताण निर्माण होतो आणि ताण सोसण्याची ताकद या सामग्रीत फारच कमी असते. म्हणून जुन्या घुमटांना भेगा पडतात त्या बहुधा तळाकडून वर चढत जाणाऱ्या, संत्र्याच्या फोडी सुटाव्यात तशा उभ्या असतात. तेव्हा घुमट बांधणाऱ्याला दोन गोष्टी साधायच्या असत: कोपरे भरून गोल तळ मिळवणे आणि तो तळ बाहेर सरकू न देणे. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, तर दुसरी पाहायला शिकावे लागते.

सगळ्यांत जुना आणि सर्वत्र आढळणारा उपाय म्हणजे कोपऱ्यात आडवी कमान टाकणे. वास्तुविशारद तिला स्क्विंच म्हणतात. चार कोपऱ्यांत चार कमानी टाकल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनापासून गोल फार दूर नसतो. इराणमध्ये सेल्जुक या तुर्की घराण्याच्या काळात ही रीत फार उंचीला गेली. इस्फहानच्या जामे मशिदीतला, सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्कने १०८६-८७ च्या सुमारास उभारलेला घुमट पाहिला, तर कोपऱ्यातली कमान एकसंध नसून तिच्यात लहान लहान कमानींचा गुच्छ रचलेला दिसतो आणि वरून येणारा भार त्या गुच्छातून वाटला जातो. दिल्लीत सुलतान अल्तमशच्या कबरीवर आज घुमट नाही, पण कोपऱ्यातल्या कमानी शिल्लक आहेत. घुमट नसल्यामुळे ती कबर मला शिकवण्यासाठी फार उपयोगी वाटते, कारण तेथे सांधा उघडा दिसतो. पुढे तुघलकांनी याच रीतीला जाड, आत कललेल्या भिंतींची जोड दिली. १३२५ च्या सुमाराची गियासुद्दीनची कबर किल्ल्याच्या बुरुजासारखी वाटते ती यामुळेच. त्या कललेल्या भिंती घुमटाचा बाहेरचा रेटा अडवतात.

उस्मानी बांधकाम तुम्ही पाहिलेले आहे, म्हणून त्याची आठवण करून देतो. इस्तंबूल उस्मानींच्या हाती आले तेव्हा तेथे ५३७ मध्ये पूर्ण झालेले आयासोफिया हे भव्य चर्च उभे होते, सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट डोक्यावर घेऊन. तेथे कोपऱ्यात आडवी कमान नाही. चार प्रचंड कमानींच्या मधली त्रिकोणी जागा गोलाईने वळवत वर नेऊन तिचाच गोल काठ केलेला आहे. या वळलेल्या त्रिकोणाला पेंडेंटिव्ह म्हणतात. सिनान या मुख्य वास्तुकाराने (मृत्यू १५८८) ही रीत घेतली आणि आयुष्यभर तिच्यावर काम केले. १५५० ते १५५७ या काळात इस्तंबूलला बांधलेल्या सुलेमानिये मशिदीत मुख्य घुमटाचा रेटा दोन बाजूंना अर्धघुमट घेतात आणि बाहेर, चार मुख्य खांबांच्या माथ्यावर, जड मनोरे बसवलेले दिसतात. ते मनोरे शोभेसाठी आहेत असे पाहणाऱ्याला वाटते, पण त्यांचे वजन खांबांना खाली दाबून धरते. एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत (१५७५) त्याने चारऐवजी आठ आधार घेतले, त्यामुळे कोपऱ्यांचा प्रश्न लहान झाला आणि जवळजवळ आयासोफियाएवढाच घुमट एकाच मोकळ्या दालनावर आला. एकच घराणे, एकच शासकीय वास्तुविभाग आणि त्याच्या प्रमुखपदी जवळजवळ पन्नास वर्षे एकच माणूस, हे जुळून आल्याशिवाय असा सलग प्रयोग होत नाही.

मुघलांचे लक्ष वेगळ्या ठिकाणी होते. तैमूरी घराण्याचा वारसा सांगणाऱ्या या लोकांनी मध्य आशियातला दुहेरी घुमट आणला. आतले छत माणसाच्या नजरेला पेलेल इतक्याच उंचीवर ठेवायचे आणि त्याच्या वर, मध्ये मोठी पोकळी सोडून, दुरून दिसण्यासाठी दुसरा उंच घुमट उभारायचा, अशी ही कल्पना आहे. दिल्लीत १५७० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झालेली हुमायूनची कबर हे तिचे मुघल काळातले पहिले भव्य उदाहरण होय. ताजमहालात तुम्ही आत उभे राहून वर पाहिले असेल, तेव्हा जे छत दिसले ते बाहेरून दिसणाऱ्या घुमटाचे नव्हतेच. त्याच काळात इस्फहानला इराणच्या सफवी घराण्याच्या शाह मशिदीतही दुहेरी घुमट झाला आणि तेथे दोन कवचांमधले अंतर चौदा-पंधरा मीटरच्या घरात आहे. म्हणून मुघल इमारतीपुढे मी आधी बाहेरची उंची डोळ्यांनी मापतो, मग आत जाऊन छताची उंची पाहतो. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर मध्ये पोकळी आहे.

आता तुमच्या दौऱ्याकडे येतो. बहमनी सत्ता १३४७ मध्ये दौलताबादला उभी राहिली, राजधानी गुलबर्ग्याला गेली आणि पंधराव्या शतकात बिदरला आली. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद जरूर पाहा, कारण मशिदीला सहसा असणारे उघडे अंगण तिला नाही. सगळी जागा लहान लहान घुमटांनी आणि बाजूला बसक्या, रुंद कमानींनी झाकलेली आहे. तेथे हिंडताना अंतरे कशी बदलतात ते पाहावे. बिदरचा महमूद गावानचा मदरसा (१४७२) हा तर सरळ इराणी आराखडा आहे: मधला चौक, चार बाजूंना चार उंच खोल कमानी आणि अंगावर रंगीत चिनी फरशांचा साज. गावान स्वतः इराणच्या गिलान प्रांतातला होता. इराणी व्यापारी, कारागीर आणि विद्वान दाभोळ-चौलसारख्या कोकणच्या बंदरांवर उतरत आणि घाट चढून बिदरला जात. ही वाट लक्षात घेतली की तो मदरसा येथे कसा आला याचे कोडे राहत नाही. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने त्याचा बराच भाग उडाला. माझ्या दृष्टीने त्या उद्ध्वस्त बाजूला अभ्यासासाठी मोठे मोल आहे, कारण भिंतीची जाडी, आतले भरण आणि फरशी चुन्यात कशी बसवली होती हे तेथेच कळते.

विजापूरला मात्र वेळ राखून ठेवा. आदिलशाहीच्या गवंड्यांनी कोपऱ्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तर मला इतर कुठल्याही घराण्याच्या उत्तरापेक्षा अधिक धाडसी वाटते, आणि ते एका इमारतीत अचानक उगवलेले नाही. पहिल्या अली आदिलशहाने (कारकीर्द १५५८ ते १५८०) सुरू केलेल्या जामा मशिदीत मेहराबीसमोरचे (मेहराब म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतला कोनाडा) मधले चार खांब गाळून नऊ खणांची जागा मोकळी केली आहे. त्या चौकोनाच्या बाजूंवरून कमानी तिरप्या टाकल्या आहेत, आणि त्या एकमेकींना छेदत जातात. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवले की आठ टोकांचा तारा तयार होतो. कमानी त्याच रेषांवर चालतात, त्यांच्या मधली जागा आतल्या बाजूला झुकत भरत जाते आणि वर लहानसा गोल काठ मिळतो.

महंमद आदिलशहाच्या (कारकीर्द १६२७ ते १६५६) कबरीत, म्हणजे गोल घुमटात, हीच रीत कल्पनेपलीकडच्या मापावर नेलेली आहे. आतले दालन सुमारे ४१ मीटर बाजूचे चौरस आहे आणि त्यात एकही खांब नाही. छेदणाऱ्या कमानी वर चढत चढत ती जागा सुमारे साडेएकोणतीस मीटर व्यासाच्या गोलापर्यंत आवळून आणतात. आता खरी खुबी पाहा. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे, म्हणजे घुमट त्या आवळलेल्या गोलाच्या काठावर बसलेला नाही; तो काठापासून मागे सरकून बसला आहे. मधली जागा सज्जा म्हणून राहिली आहे. ज्या सज्ज्यात कुजबूज ऐकायला लोक गर्दी करतात, तो या रचनेतून निपजलेला आहे. कमानींमधला सगळा बांधीव भाग आत झुकलेला असल्यामुळे त्याचे वजन आतल्या बाजूला ओढते, घुमटाचा रेटा बाहेरच्या बाजूला ढकलतो, आणि दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून एवढ्या मोठ्या घुमटाला उस्मानी पद्धतीचे अर्धघुमट किंवा बाहेरून टेकू द्यावे लागले नाहीत. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ४३ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे विजापूरच्या गवंड्यांनी कोणत्या पंगतीत जागा मिळवली ते ध्यानात येईल. आणि हे सारे काळ्या बेसॉल्टच्या भिंती, विटा व चुना यांच्या बळावर.

आत झुकवून जागा आवळण्याचा हा विचार त्या घराण्याच्या हाडीमाशी किती भिनला होता, याचा पुरावा विजापूरच्याच इब्राहिम रौझ्यात, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीत आहे. बाहेरून तो नाजूक, कोरीव आणि गोल घुमटाच्या अगदी उलट प्रकृतीचा दिसतो. आत कबरीची खोली सुमारे १२ मीटर चौरस आहे आणि तिचे छत मधोमध सपाट, दगडी आहे. खाली खांब नाही, तुळई दिसत नाही. चारही भिंतींवरून सुमारे तीन तीन मीटर आत येणारी वळणदार झुकती बाजू बांधून मधली जागा लहान केलेली आहे, आणि उरलेले सपाट छत उत्तम चुन्याने जखडलेल्या दगडांचे आहे. शिलालेखात बांधणारा म्हणून मलिक संदल याचे नाव येते. तेथे घुमट त्या छताच्या बराच वर, वेगळा आहे. म्हणजे दुरून दिसणारा घुमट आणि आतले छत ही दोन स्वतंत्र कामे आहेत, पण मुघल पद्धतीहून अगदी वेगळ्या मार्गाने साधलेली.

एवढे ऐकून प्रत्येक इमारतीला घराण्याची चिठ्ठी चिकटवता येईल असे मात्र समजू नका. कोपऱ्याचा प्रश्न टाळण्याचाही एक मार्ग असतो: जमिनीपासूनच आराखडा अष्टकोनी घ्यायचा. इराणच्या सुलतानियेत मंगोल इलखान उल्जैतूच्या कबरीत (१३०२ ते १३१२) तसेच केले आहे, आणि अहिल्यानगरजवळच्या टेकडीवर, ज्याला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, त्या निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या अष्टकोनी कबरीतही. या दोघांमध्ये घराण्याचे नाते नाही. दुसरे उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्यासाठी १६६० च्या सुमारास उभारलेल्या या कबरीच्या दारावर अताउल्ला व हंसपत राय ही नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी निगडित उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा. म्हणजे रीत आणि आराखडा थेट आग्र्याच्या घरातून आलेला. पण संगमरवर दूरवरून आणावा लागे आणि या कामासाठी मिळालेला पैसा ताजच्या खर्चाच्या मानाने फार थोडा होता. म्हणून खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी, बाकी बेसॉल्टवर गुळगुळीत गिलावा. लोक तिला गरिबांचा ताज म्हणतात ते मला पटत नाही. दख्खनी कारागिरांनी गिलाव्यात काढलेली नक्षी जवळून पाहावी, तेथे ती इमारत स्वतःच्या मातीची होते.

दगड आणि चुना यांकडे पाहताना एक सावधगिरी हवी. बेसॉल्ट कठीण असल्याने दख्खनमध्ये कोरीव काम बहुधा मोजके असते आणि जे मऊ, ओसंडते दिसते ते बऱ्याचदा गिलाव्यात केलेले असते. हा गिलावा घाणीत, म्हणजे चुना मळण्याच्या दगडी चाकाखाली, मळलेल्या चुन्याचा असे. चुना हळूहळू घट्ट होतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि बारीक हालचाल सोसतो. विसाव्या शतकात ठिकठिकाणी त्यावर सिमेंट लावले गेले. सिमेंट ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि जुना थर सोबत घेऊन नवा थर सुटून पडतो. त्यामुळे करडा, कडक, एकसारखा पृष्ठभाग दिसला की त्यावरून काळ किंवा घराणे ठरवू नये. मी सांधे पाहतो, कोपऱ्यात सुटलेला तुकडा सापडला तर त्याच्या थरांची जाडी पाहतो, आणि मगच मत बनवतो. तुम्हीही नक्षीला शेवटचा क्रमांक द्या. आधी कोपरा, मग भिंतीचा तळ आणि कल, मग सामग्री, आणि या सगळ्यानंतर रंग व वेलबुट्टी.

दौऱ्याचा क्रम विचारला आहे म्हणून सांगतो. गुलबर्गा आधी, बिदर नंतर आणि विजापूर शेवटी ठेवा, म्हणजे काळाचा क्रम आपोआप सांभाळला जाईल. विजापुरात गोल घुमटाकडे धाव न घेता आधी जामा मशिदीत जा आणि मेहराबीसमोरच्या घुमटाखाली एका कोपऱ्यात निवांत उभे राहा. छेदणाऱ्या कमानी एकदा तेथे लहान मापावर उमजल्या की गोल घुमटात शिरताच डोळा त्यांना शोधेल. इब्राहिम रौझ्यात आतले सपाट छत पाहण्यासाठी दुर्बीण उपयोगी पडते. गोल घुमटाला सकाळी उघडल्याबरोबर गेलात, तर सज्ज्यात गर्दी नसते आणि काठापासून घुमटाची भिंत किती मागे आहे ते शांतपणे पाहता येते. वरपर्यंत जाणारे जिने कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांतून आहेत, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असेल तर वेळ हातात ठेवा. शेवटी बारा कमानला जा. दुसऱ्या अली आदिलशहाची (कारकीर्द १६५६ ते १६७२) ही कबर अपुरी राहिली. तेथे छत नाही, घुमट नाही, फक्त चौथऱ्यावर उभ्या राहिलेल्या काळ्या दगडाच्या उंच टोकदार कमानी आहेत. गोल घुमटात जे गिलाव्याआड झाकले गेले आहे, ते काम कोठून सुरू होत असे, हे तुम्हाला तेथे उघड्यावर दिसेल.